अकरावीला संगणकशास्त्र : सभासद पालकांनी आधी समजून घ्यावे



दहावीचा निकाल लागला, की गट ऑफिसात ऊस नोंदीबरोबर आणखी एक प्रश्न आमच्यापुढे येतो. "साहेब, पोरगं कॉम्प्युटर घ्यायचं म्हणतंय, घेऊ द्यावं का?" बेणे निवडताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मग मुलाचा विषय निवडताना घाई का करावी?

प्रथम एक गैरसमज दूर करू. तालुक्याच्या गावी टायपिंग, पत्र तयार करणे, हिशेबाचा तक्ता करणे शिकवतात, तो संगणकाचा वापर झाला. संगणकशास्त्र निराळे. काम कोणत्या क्रमाने केले म्हणजे ते बिनचूक आणि लवकर होईल, हा विचार त्यात शिकवतात.

आपल्याच कारखान्याचे उदाहरण घ्या. गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते. जी आधी आली ती आधी खाली होते. बैलगाडीत मोळ्या रचल्या, तर शेवटी ठेवलेली मोळी आधी उतरते. जळिताचा ऊस आला, की त्याला रांग सोडून पुढे घ्यावे लागते. या तिन्ही पद्धतींना संगणकशास्त्रात वेगवेगळी नावे आहेत आणि पहिल्या दोन तर बारावीच्या अभ्यासात पक्क्या असतात. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणी प्रोग्राम लावणे, म्हणजे याद्या क्रमाने लावण्याचेच गणित. पाच हजार सभासदांची नंबरवार यादी असेल, तर दर वेळी मधोमध बघून निम्मी यादी सोडत गेल्यास कोणतेही नाव जास्तीत जास्त १३ वेळा बघून सापडते. पण यादी क्रमाने नसेल, तर ही युक्ती चालत नाही. शास्त्र म्हणतात ते हेच.

सहकारी साखर धंद्याला हे नवे नाही. १९९८ साली वारणा परिसरात, कोल्हापूर-सांगली भागातील ७० गावांसाठी संगणक योजना सुरू झाली. ऊस उत्पादकाला आपली माहिती गावातच मिळावी हा हेतू होता. पुढे २००६ च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर करून पाहण्यात आले. यंत्र बदलले, पण नोंद, क्रम आणि हिशेब तोच राहिला. म्हणून यंत्रापेक्षा विचार शिकणे महत्त्वाचे.

आणि हे शहरातल्यांचेच काम आहे असेही नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली 'परम' हा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय म्हणून शिकवला जात आला आहे. मुले त्याला 'बायफोकल' म्हणतात. दोन पेपर, मिळून २०० गुण, त्यांतले निम्मे प्रात्यक्षिकाला. हा विषय घेतला, की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. इथेच मेख आहे. पुष्कळ मुले जीवशास्त्र सोडतात आणि बारावीनंतर डॉक्टरकीचे नाव काढतात. तेव्हा हा विचार आधीच घरात बसून व्हावा. दुसरे, संगणक आहे म्हणून गणित सोडू नका. संगणक अभियांत्रिकीच्या पदवीला भौतिकशास्त्र व गणित लागतेच. माहिती तंत्रज्ञान हा १०० गुणांचा विषय वेगळा. तो कला आणि वाणिज्यच्या मुलांनाही घेता येतो.

मिरा-भाईंदरच्या हद्दीतले, उत्तन-डोंगरी भागातले तारोडी गाव घ्या. मुंबईला लागून असलेले. तिथला राज्य मंडळाचा विद्यार्थी मुंबई विभागात मोडतो, आपला मुलगा आपल्या विभागात. पण बारावीचा पेपर दोघांना एकच. परीक्षक गाव पाहून गुण देत नाही. फरक पडतो तो प्रयोगशाळेत. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात स्वतः जा आणि विचारा : एका तुकडीला चालू स्थितीतली यंत्रे किती? लाईट गेली तर सोय काय? शिकवणारा मास्तर कायम आहे का? या विषयाची वेगळी फी किती, आणि पावती मिळते का? चालू वर्षाचे प्रवेशाचे नियमही तिथेच वाचून घ्या, कारण ते बदलत असतात.

घरी महागडे यंत्र आणण्यासाठी उसाच्या बिलावर उचल काढण्याची घाई नको. पहिले वर्ष वही-पेन्सिलीवर पायऱ्या मांडून आणि कॉलेजच्या यंत्रावर प्रात्यक्षिक करून निभावते. मुलगा चिकाटीने चूक शोधतो का, तेवढे पाहा. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे अडते. अशा वेळी जो रागावून उठतो त्याला हा विषय जड जातो आणि जो परत पहिल्या ओळीपासून तपासतो त्याला तो साधतो.

मुलींच्या बाबतीतही हाच निकष लावावा. गणितात गती असलेली मुलगी केवळ कॉलेज लांब म्हणून मागे राहू नये. एस.टी.चा पास आणि दोन वर्षांची सोबत यांची व्यवस्था दोन-तीन घरांनी मिळून केली, तर तेही जमते. पाणी वाटून घेणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड नाही.