कातडी कमावण्याची घरगुती पद्धती : उंबरमाळी परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :
मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी व कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हे लहानसे स्थानक आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या या डोंगराळ पट्ट्यात ऐन व बाभूळ, तर सह्याद्रीच्या माथ्याकडे हिरडा हे वृक्ष आढळतात. इमारती लाकूड व औषधी या दृष्टींनी त्यांचा परिचय आपण विद्यार्थ्यांना करून देतो; त्यांच्या साली-फळांनी कातडी कमावली जात असे, हे मात्र सहसा सांगत नाही. या मौनामागे केवळ विस्मरण नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रक्रिया व तिचे शास्त्र :
कच्चे कातडे हे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. ते ओले ठेवले तर कुजते आणि नुसते वाळविले तर लाकडासारखे ताठ होते. (ढोलकीस असेच न कमावलेले कातडे लागते, ही गोष्ट वेगळी.) साली-फळांतील टॅनिन तंतूंमध्ये शिरून त्यांना बांधून ठेवते, त्यामुळे जिवाणूंना ते पचविता येत नाहीत. कच्चे कातडे साधारणतः ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आक्रसते, तर सालीने कमावलेले ७० ते ८५ अंशांपर्यंत टिकते. हिरड्याच्या फळात टॅनिनचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर बाभळीच्या सालीत सर्वसाधारणपणे १२ ते २० टक्के असते.

प्रथम कातडे धुऊन चुन्याच्या निवळीत काही दिवस भिजवितात. केसांची मुळे सैल झाली की उतरत्या ओंडक्यावर पसरून केस व आतील मांस खरवडून काढतात. नंतर चुना धुऊन टाकतात. खरे कौशल्य यापुढे आहे. सालीचा अर्क आरंभी पातळ असावा लागतो आणि तो क्रमाक्रमाने तीव्र करावा लागतो. पहिल्याच दिवशी तीव्र अर्क दिल्यास वरचा थर घट्ट होतो आणि गाभा कच्चाच राहतो. मोठी कातडी पखालीप्रमाणे शिवून, आत साल व अर्क भरून टांगण्याचीही रीत होती. अर्क स्वतःच्या भाराने पाझरत कातड्यातून बाहेर येई. कडेचा तुकडा कापून पाहिल्यावर मध्ये फिकट रेघ दिसली नाही, म्हणजे कमाई पूर्ण झाली. शेवटी करंजाच्या तेलासारखे तेल चोळून कातडे मऊ करीत.

सामाजिक बाजू :
गावगाड्यात मृत जनावर ओढणे महारांकडे, कातडे कमावणे ढोर समाजाकडे आणि जोडे शिवणे चांभारांकडे, अशी विभागणी होती. अर्काची तीव्रता नजरेने व बोटाने ओळखणारे हे जाणकार गावाबाहेर ठेवले गेले. मार्च १९२७ मधील महाड परिषदेत मृत मांस व हीन मानलेली कामे सोडण्याचे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. त्यामुळे 'पारंपरिक ज्ञानाचा ऱ्हास' हा शब्दप्रयोग येथे जपूनच करावा लागतो. ज्यांनी हे काम सोडले, त्यांनी ते अज्ञानाने नव्हे, स्वाभिमानाने सोडले. दुसरीकडे, सालीने कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तूस मान मिळाला, कमावणाऱ्यास तो कितपत मिळाला, हा प्रश्न उरतोच.

प्रयोगाची शक्यता :
महाविद्यालयीन प्रयोगशाळेत शेळीच्या कातड्याचे तळहाताएवढे तुकडे घेऊन ऐन, बाभूळ व हिरडा यांच्या अर्कांची तुलना सहज करता येईल. मात्र वन्यप्राण्यांचे कातडे १९७२ च्या कायद्यानुसार वर्ज्य आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने कातड्याच्या स्रोताची खातरजमा करावी. भातसा व तानसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे याच तालुक्यात असल्याने चुन्याचे व सालीचे सांडपाणी ओढ्यात सोडू नये. चुन्याचा गाळ निवळू द्यावा आणि वरचे पाणी आम्लाने उदासीन करून मगच टाकावे. प्रयोगवहीत तुकड्याचे वजन, अर्क बदलल्याचे दिवस आणि कापलेल्या कडेचा रंग यांची रोज नोंद ठेवावी. तसेच हे काम पूर्वी कोणाच्या वाट्यास आले होते, हेही त्याच तासाला सांगावे.