नॉर्दम्प्टनचा दावा, कोहमाऱ्याची कैफियत

इंग्लंडातल्या भाचीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला समन्सचा फोटो मी आधी पाहिला तो तारखांसाठी. कोर्टात बाबूगिरी केलेल्या माणसाची ही खोड. मजकूर तो मागून वाचतो. इंग्लंडात दावा निघाला की पाच दिवसांनी तो पोचला असं धरतात आणि तिथून १४ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘समन्स मिळालं’ एवढी पोच ऑनलाइन दिली की मुदत २८ दिवसांची होते. आपल्याकडे लेखी जबाबाला ३० दिवस, कोर्टानं कृपा केली तर ९०. प्रत्यक्षात किती लागतात ते ज्यानं पेश्या खाल्ल्या त्यालाच विचारा. तिकडे मुदत चुकली की वादी एक अर्ज टाकतो आणि एकतर्फी निकाल लागतो. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो निकाल सहा वर्षं नावापुढे राहतो आणि घराचं कर्ज मागायला गेलं की बँकेला दिसतो.

“आधी पोच दे, रडायचं मग,” मी म्हटलं.

प्रकरण असं. दुकानांच्या एका संकुलात दोन तास पार्किंग फुकट. गाडी त्याहून जास्त वेळ आत होती. येताना-जाताना कॅमेऱ्यानं नंबरप्लेट टिपली आणि पार्किंग सांभाळणाऱ्या कंपनीनं १०० पौंड मागितले, लवकर भरले तर ६०. भाचीनं ते पत्र जाहिरात समजून बाजूला टाकलं. मग वसुलीवाल्यांची पत्रं आली, त्यात ७० पौंडांची भर पडली. मग दावा, म्हणजे कोर्ट फी ३५, वकिलाचे ५०, वर ८ टक्क्यांनी व्याज. गोळाबेरीज २६० पौंडांच्या घरात. बायकोला रुपयांत हिशेब सांगितला तर ती म्हणाली, “काहून बाप्पा! एवढ्यात तर एकराचं धान होते.”

भंडारा जिल्हा अखंड होता तेव्हा मी नोकरीला लागलो. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तसा इकडच्या कोर्टांत आलो आणि निवृत्तीनंतर कोहमाऱ्यात घर बांधलं. नागपूर-रायपूर महामार्गावर ट्रकांची रांग अन् गोंदियाहून नवेगावबांधकडे वळणाऱ्या गाड्या, असं हे गाव. जिथं जागा दिसेल तिथं गाडी लागते. पार्किंगवरून दिवाणी दावा होतो हे इथं सांगितलं तर लोक हसतात. मलाही लघुवाद, म्हणजे लहान रकमेचा दावा, म्हटलं की १८८७ चा कायदा आणि मुंबई-पुण्यातले घरभाड्याचे तंटे, एवढंच आठवायचं.

भाचीला वाटत होतं आपल्याला दंड झाला. दंड सरकार करतं. इथं भांडण कराराचं होतं. जागा खाजगी, फलक हा प्रस्ताव, गाडी लावली म्हणजे अटी मान्य, असा कंपनीचा युक्तिवाद. पूर्वी तिकडे असल्या जागांत गाडीच्या चाकाला कुलूप ठोकत. २०१२ च्या एका कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये ते बंद झालं. त्या बदल्यात कंपन्यांना एक सवलत मिळाली. चालक कोण होता हे ठाऊक नसलं तरी गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागता येतात. धारकाचं नाव-पत्ता तिथलं परिवहन खातं अडीच पौंडांत देतं. पण सवलतीला अटी आहेत, आणि प्रतिवादीनं उभं राहायचं ते त्या अटींवर. काचेवर नोटीस लावलेली नसेल तर गाडी उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत नोटीस धारकाकडे पोचलीच पाहिजे.

“पहिलं पत्र ठेवलंस का?”

ठेवलं होतं, ड्रॉवरच्या तळाशी, बिलांखाली. त्यावर दोन तारखा होत्या. एक गाडीची, एक पत्र काढल्याची. दोन्हींमध्ये अंतर १७ दिवसांचं. पत्र निघालंच मुदतीनंतर, तर मुदतीत पोचणार कसं? चाळीस पानी कैफियतीत जे सापडत नाही ते त्या एका अर्ध्या ओळीत होतं. पण भाचीला हा मुद्दा फारसा आवडला नाही. तिला लिहायचं होतं की दुकानात रांग होती, मुलाला बरं नव्हतं, कंपनी लुटारू आहे. सगळं खरं असेल. पण रांगेबद्दल न्यायाधीशाला सहानुभूती वाटली तरी करार तसाच उरतो.

मी माझ्या सवयीनं मसुदा केला होता: ‘परिच्छेद १ ते ६ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य नाही.’ आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८ व्या आदेशातही मोघम नाकारणं चालत नाही, पण चालतं ते तेच. तिकडच्या नियमांत तीनच वाटा: हे मान्य, हे अमान्य आणि अमान्य का ते सांगा, किंवा हे मला ठाऊक नाही, वादीनं सिद्ध करावं. गाडी धारकाच्या नावावर आहे: मान्य. धारक म्हणून देणं लागते: अमान्य, कारण नोटीस उशिरा. तिसऱ्या वाटेवर मात्र आम्ही अडलो. त्या संध्याकाळी गाडी कोणी चालवली होती, तिनं की जावयानं? दोघंही चालवतात, दोघांनाही आठवत नव्हतं. कैफियतीखाली सत्यतेचं निवेदन असतं. जाणूनबुजून खोटं लिहून सही केली तर कोर्टाचा अवमान. मी बजावलं, “आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिही. आठवलं तर मला सांगू नको, खरं काय ते लिही.” आमच्याकडच्या शपथपत्रांची आठवण काढून मी वर थोडा हसलोही.

दुसरा मुद्दा फलकाचा. कंपनीच्या वकिलानं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाचा हवाला दिला होता. चेम्सफर्डमधल्या पार्किंगमध्ये बॅरी बीव्हिस यांची गाडी दोन तासांवर ५६ मिनिटं जास्त राहिली, ८५ पौंड मागितले गेले, आणि न्यायालयानं ती रक्कम अवाजवी नाही असं ठरवलं. हा निकाल ऐकूनच बरेच लोक पैसे भरून मोकळे होतात. पण त्या निकालाचा बराच भार फलकांवर आहे: ते मोठे होते, ठिकठिकाणी होते, रक्कम ठळक होती. मग आपला फलक कसा आहे?

भाची त्याच वेळेला पुन्हा तिथं गेली. इथं रात्रीचे साडेदहा, तिकडे संध्याकाळचे पाच, आणि हिवाळा असल्यानं अंधार. ड्रायव्हरच्या सीटवर बसून तिनं फोटो काढला. दिव्याच्या खांबावर उंच एक पाटी, दिवा तिच्या मागे. ‘दोन तास मोफत’ ठळक. मी दोन बोटांनी फोटो ताणत गेलो. खाली बारीक अक्षरांचा परिच्छेद, त्यात कुठंतरी १०० चा आकडा, तो ताणल्यावर नुसते ठिपके झाले. मी सांगितलं, “हाच लाव. चांगला फोटो लावू नको.”

या दिवसांत चौकातले ओळखीचे ड्रायव्हर ई-चलानाचे मेसेज घेऊन माझ्याकडे येत. तिथंही खुबी तीच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिनं कॅमेऱ्याच्या चलानाला अटी घातल्या: घटनेपासून १५ दिवसांत नोटीस, यंत्राला प्रमाणपत्र, कॅमेऱ्याआधी सूचनाफलक. पण हे तपासायला बसतो कोण? लोक अदालतीत जाऊन आकडा कमी होतो का, एवढंच प्रत्येकाला हवं असतं. त्यांचंही बरोबर, एक दिवस गाडी उभी राहिली की चलानापेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणजे कटकट संपली. आता इंग्लंडातही तसंच काहीसं सक्तीचं केलंय. मे २०२४ पासून लहान रकमेच्या दाव्यांत आधी तासाभराची मध्यस्थी, तीही फोनवर. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलत नाहीत. मध्यस्थ आळीपाळीनं फोन करतो. भाचीच्या वेळी कंपनी १५० वर आली. “देऊन टाकू का मामाजी? डोक्याचा ताप जाईल.” माझा जीव एक क्षण वरखाली झाला, कारण पैसे तिचे होते. मी म्हटलं, तुझं तू ठरव, पण तारीख मोजून ठरव. ती नाही म्हणाली.

मग तिच्या गावच्या काउंटी कोर्टाची तारीख लागली. साक्षीदाराचं लेखी निवेदन सुनावणीच्या १४ दिवस आधी द्यायचं होतं. आम्ही पाकीट, पत्र, फोटो यांना नंबर टाकत होतो, तेवढ्यात तिला दावा मागे घेतल्याची सूचना आली. कंपनीला सुनावणीची २७ पौंड फी भरायची मुदत जवळ आली होती. नॉर्दम्प्टनच्या केंद्रातून असे दावे गठ्ठ्यानं निघतात. जे उत्तर देत नाहीत त्यांच्यावर एकतर्फी निकाल, जे घाबरतात ते भरतात, आणि जो तारीख मोजून लिहितो त्याच्यावर वकील पाठवणं परवडत नाही. मला मात्र चुटपुट लागली. निकाल हवा होता. उशिराची नोटीस चालत नाही, असं एका न्यायाधीशाच्या तोंडून.

भाचीनं विचारलं, खर्च मागू का? इतर दाव्यांत वादीनं माघार घेतली की प्रतिवादीचा खर्च त्याच्या अंगावर पडतो, पण लघुवादाला तो नियम लागू नाही. समोरच्याचं वागणं अवाजवी होतं हे दाखवलं तरच काही मिळतं. ती म्हणाली, राहू द्या. त्याच दाव्यासाठी कंपनी परत आली तर तिला कोर्टाची परवानगी काढावी लागेल, कारण माघार कैफियत दाखल झाल्यानंतरची आहे. तरी मी तिला पाकिटासकट सगळी फाईल सांभाळून ठेवायला सांगितलं. कराराच्या दाव्याला आपल्याकडे मुदत तीन वर्षांची, तिकडे सहा.