कुठल्या रस्त्यानं आलास?

सोलापुरात नवखा मित्र फोन करतो, “सात रस्त्यावर उभा आहे, आता कुठं वळू?” पलीकडून हमखास विचारणा होते, “कुठल्या रस्त्यानं आलास बे? तोंड कुणीकडं आहे?” मित्र खोटं बोलत नसतो. चौकाचं नावही बरोबर असतं. पण जिथं सात वाटा फुटतात, तिथं नुसतं ठिकाण सांगून भागत नाही.

सॉफ्टवेअर बिघडल्यावर आपण पाठवतो ती तक्रार बहुधा याच जातीची असते. “ॲप चालत नाही.” दुरुस्त करणारा पुण्यात नाहीतर बंगळूरमध्ये बसलेला असतो आणि त्याच्या फोनवर तेच ॲप सुरळीत चालू असतं. बिघाड त्याला स्वतःच्या डोळ्यांदेखत घडवून पाहायचा असतो. तो घडवता आला, की कुठं शोधायचं ते कळतं. “धागा तुटतोय” म्हटल्यावर यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबरसुद्धा आधी विचारणारच, ताणा की बाणा?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांमध्ये तेलुगू बोलली जाते, त्यामुळे फेब्रुवारी २०१८ मधला आयफोनचा घोटाळा सोलापूरकरांना परका वाटू नये. तेलुगू लिपीतलं ‘ज्ञा’ हे जोडाक्षर संदेशात आलं, की ते दाखवताना ॲप कोसळायचं. सूचनापट्टीत आलं तर फोनचा मुख्य पडदाच ढासळायचा. (ज्ञानातलंच अक्षर! कल्पित कथेत असं लिहिलं असतं, तर संपादकानं अतिरेक म्हणून कापलं असतं.)

आता ही तक्रार कशी लिहाल? “तेलुगू अक्षर आलं की फोन बंद पडतो” असं लिहिलंत, तर तपासणारा तेलुगू कळफलकावर ‘ज्ञा’ टाइप करणार, ते नीट दिसणार आणि तो तक्रार बंद करून टाकणार. कारण घात करणाऱ्या अक्षरसाखळीत ज, हलन्त, ञ आणि काना यांच्याबरोबर आणखी एक पाहुणा होता. ‘पुढचं जोडू नका’ असं संगणकाला सांगणारी, डोळ्यांना न दिसणारी खूण. ती ञ आणि काना यांच्यामध्ये बसलेली होती. साध्या टाइपिंगमध्ये ती येत नाही. पडद्याचा फोटो पाठवला तरी त्यात ती उतरत नाही. चित्र पुष्कळदा उपयोगी पडतं, पण मजकुराचा बिघाड असेल तर मूळ मजकूरच द्यावा लागतो.

आवृत्तीचंही तसंच. आयफोनच्या आयओएस या प्रणालीची ११.३ ही चाचणी आवृत्ती तेव्हा आली होती आणि तिच्यात हा दोष नव्हता. म्हणजे आवृत्तीचा आकडा गाळला, तर दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना खोटं ठरवत बसणार.

सगळ्यात मोठी गंमत ‘तेलुगू’ या शब्दात होती. तो निष्कर्ष होता, निरीक्षण नव्हे. मनीष गोरेगावकर या प्रोग्रामरनं अक्षरं बदलून बदलून पाहिली आणि दोषाची हद्द आखली. बंगालीतही तेच होत होतं. आपल्या देवनागरीतही होत होतं. फक्त जोडाक्षरातलं दुसरं अक्षर र हवं, पहिलं र नको, आणि मग ती अदृश्य खूण व स्वरचिन्ह. तक्रारीवर विसंबून कुणी एका तेलुगू अक्षरापुरतं ठिगळ लावलं असतं, तर बाकीची भोकं तशीच राहिली असती. म्हणून आपला तर्क जरूर लिहावा, पण शेवटी आणि तर्क म्हणूनच. आधी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दर वेळी होतं की अधूनमधून, हे यावं. चूक दाखवणारा संदेश उमटला असेल तर तो शब्दशः. “काहीतरी एरर आला” यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही.

ॲपलनं १९ फेब्रुवारीला ११.२.६ ही आवृत्ती काढून दोष दूर केला. तोवर तक्रार करणाऱ्यापुढे मात्र एक चमत्कारिक पेच होता. पुरावा म्हणून ते अक्षर जोडायचं, तर वाचणाऱ्याचा आयफोन कोसळण्याची भीती! त्यावर उपाय म्हणजे युनिकोडमधले क्रमांक लिहायचे: ०सी१सी, ०सी४डी, ०सी१ई, २००सी, ०सी३ई. या पाच आकड्यांनी कुणाचाच फोन पडत नाही, आणि ज्याला तो पाडून पाहायचा आहे त्याला ते पुरतात.