पंचवीस तासांचा दिवस

पूर्वीं माणूस कोठें तरी पोंचावयाचें म्हणून बोटींत बसे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षीं समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या निश्चयानें. आतां नुसतें बोटीवर राहतां यावें म्हणूनहि लोक जातात. लंडनहून न्यूयॉर्कला विमान आठेक तासांत नेतें. 'क्वीन मेरी २' ही बोट साउदॅम्प्टनहून तेथें जावयास सात रात्री घेते, आणि २००४ सालापासून लोक हौसेनें तिचीं तिकिटें काढीत आले आहेत!

या प्रवासांतील खरी मौज घड्याळाची. इंग्लंड व न्यूयॉर्क यांच्या वेळांत पांच तासांचा फरक. पश्चिमेकडे जातांना तो एकदम न मिटवितां पांच रात्रीं एकेक तास घड्याळ मागें घेतात. म्हणजे दिवस पंचवीस तासांचा झाला. ज्यांस घरीं स्वतःकरितां घटकाभर मिळत नाहीं, त्या आमच्या वाचकभगिनींस याचें मोल सांगावयास नको. परततांना मात्र तेच तास एकेक करून कापले जातात.

या फावल्या वेळाचें करावें काय? येथें आमचें बोटीच्या चालकांशीं जमत नाहीं. केबिनींत रोज कार्यक्रमपत्रिका येऊन पडते: व्याख्यान, नृत्याचे धडे, तारांगण, दुपारचा चहा, रात्रीं गाणें. त्यांतलें एकहि चुकूं नये म्हणून धांवणारीं माणसें पाहिलीं कीं वाटतें, यांनीं कचेरी बरोबरच आणली! आमच्या मतें वाचनालयांतून एक जाडजूड पुस्तक आणावें, पांघरूण घेऊन डेकवरील लांब खुर्चींत पडावें, आणि पुस्तक मांडीवर तसेंच ठेवून अटलांटिककडे पाहात राहावें. दुपारीं कप्तान बोट कोठवर आली तें सांगतो. तेवढी बातमी पुरे.

एक हिशेब मात्र डोळ्यांआड करूं नये. अशा सहलीच्या बोटींच्या मुदपाकखान्यांत आणि केबिनींत गोव्याचीं माणसें पुष्कळ असतात. खलाशांच्या कामाविषयींचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानें २०१५ सालीं मान्य केला. त्यांत विश्रांतीचें किमान माप चोवीस तासांत १० व सात दिवसांत ७७ तास असें दिलें आहे. आठवड्याचे बाकी राहतात ९१. त्या दहा तासांचेहि दोन तुकडे पाडतां येतात, मात्र एक निदान सहा तासांचा हवा. म्हणून चहा आणून देणारा मुलगा गोव्याचा निघाला, तर त्याच्याशीं कोंकणींत दोन शब्द अवश्य बोलावे; तो घाईंत असला, तर तेंहि नको.