चूल बदलली, आच तीच

दिवाळीच्या पाडव्याला घरात एखादी नवी वस्तू आणायची आपली जुनी रीत आहे. यंदा वाचकांपैकी कोणाच्या घरी वर चार बर्नर आणि पोटात भट्टी असलेली मोठी गॅसची शेगडी, जिला दुकानदार ‘कुकिंग रेंज’ म्हणतात, ती येणार असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी मराठी शिकवणारा माणूस; यंत्रांशी माझा संबंध बेताचाच. पण गेल्या वर्षी असली शेगडी आमच्या घरी आली, आणि तिच्याबरोबरची इंग्रजी पुस्तिका वाचून घरच्या मंडळींना समजावून सांगण्याचे काम साहजिकच मास्तरांकडे आले. ते करता करता मला असे दिसून आले, की त्या पुस्तिकेत जे आकड्यांत लिहिले आहे, ते आपल्या आया-आज्यांच्या बोलण्यात पूर्वीपासून आहे.

आमचा खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचा, धुक्याचा आणि चिक्कीचा खंडाळा नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, शिरवळ मागे टाकले, की खंबाटकी घाट चढण्यापूर्वी लागतो तो आमचा खंडाळा. इकडे कोणत्याही चुलीची परीक्षा होते ती भाकरीवर. शेगडी कितीही झगमगीत असो, तिच्यावर ज्वारी-बाजरीची भाकरी नीट होत नसेल, तर ती घरात असून नसल्यासारखी.

आमच्या घरी तर हा प्रश्न नुसत्या चवीचा नव्हता. आईने सत्तरी ओलांडली आहे. घरात गॅस येऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी भाकरीपुरती मागच्या पडवीतली चूल तिने सोडली नव्हती. दोन हिवाळे तिचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, “औषध मी देतो, पण धूर तुम्ही बंद करा.” आईने ऐकले, पण अट घातली: “चूल सोडते. पण त्या गॅसवरची वातड भाकरी माझ्या ताटात घालायची नाही.” तेव्हा नव्या शेगडीवर भाकरी साधली नाही, तर आई पुन्हा धुरात जाऊन बसणार, हे आम्हां नवराबायकोला पक्के ठाऊक होते.

ही एका घराची गोष्ट नव्हे. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही सिलिंडर पोहोचला. तरीही कित्येक घरांत पुढे गॅस आणि मागे चूल असा दुहेरी संसार चालतो. सिलिंडरचा खर्च हे त्याचे एक कारण, आणि भाकरी हे दुसरे. शेगडी घरात आणणे सोपे; तिच्यावर सगळा स्वयंपाक मनासारखा होऊ लागला, म्हणजेच जुना धूर घरातून जातो.

आपली चूल हीच पहिली रेंज

चुलीकडे जरा नीट पाहा. पुढच्या तोंडाशी जाळ, त्यावर तवा. बाजूला वैल, तिथे उरलेल्या धगीवर कालवण रटरटते. तोंडाशी ओढलेले निखारे. त्यांच्याशी भाकरी उभी करून शेकायची. आणि खाली गरम राख, म्हणजे फुफाटा; त्यात रताळी आणि वांगी पुरायची. एकाच लाकडाच्या चार आचा, आणि प्रत्येकीचे काम निराळे. हिलाच चार बर्नर आणि भट्टी जोडली, की झाली कुकिंग रेंज.

चूल सुधारण्याचा विचारही आपल्याकडे नवा नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले, आणि तिथूनच धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणलाही या विषयावर मोठे काम झाले. इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली, आणि २००२ साली तिला लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये थोड्याशा कोळशावर, वाफेच्या जोरावर, कुटुंबाचा भात, वरण आणि भाजी शिजते. थोडी आच नीट कोंडली तर ती पुरून उरते, हा त्यातला धडा चार बर्नरवाल्यांनीही घेण्याजोगा आहे.

आचेचे शब्द

कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर रुजले. पण आचेला वाटी नाही. तिचे माप शब्दांतच राहिले: जाळ, झळ, धग, ऊब, निखारा, फुफाटा. नवी शेगडी आणल्यावर पहिले काम एवढेच करावे, की यातला कोणता शब्द कोणत्या खटक्यापाशी आहे, हे शोधून काढावे.

मोठा बर्नर म्हणजे जाळ. तो पाणी उकळायला, तळणाचे तेल तापवायला आणि प्रेशर कुकरला वाफ आणायला. एकदा उकळी आली, की त्याचे काम संपले. लहान बर्नर म्हणजे वैल. आमटी उकळत ठेवणे, दूध आटवणे, बेसन किंवा रवा भाजणे ही कामे त्याचीच. लाडवाचे बेसन मोठ्या जाळावर भाजले, की वरून रंग येतो आणि आत कच्चेपणा राहतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर गेली, तर तेवढी आच भिंत तापवण्यात जाते. ज्योत निळी असावी. पिवळी पडू लागली आणि भांड्याला काजळी धरू लागली, तर बर्नरची भोके तुंबली आहेत किंवा हवेचे प्रमाण चुकले आहे, असे समजावे.

आता झाकणाचा हिशेब सांगतो. चांगल्या घरगुती शेगडीवर १ लिटर पाणी उकळीला आणायला साधारण १० ग्रॅम गॅस लागतो. पण तेच पाणी पुरते आटवायचे म्हटले, तर आणखी ७० ग्रॅमच्या वर लागतो! म्हणजे पाणी तापवण्यापेक्षा त्याची वाफ करून उडवणे सातपट महाग. भांडे उघडे ठेवून डाळ खळखळा उकळणारा माणूस डाळ शिजवत नसतो. तो सिलिंडरची वाफ करत असतो. उकळते पाणी मोठ्या जाळाने अधिक गरम होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आमच्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे उघड्यावर डाळ शिजायला वेळ लागतो तो याचमुळे, आणि जाळ वाढवून तो वेळ कमी होत नाही. प्रेशर कुकर आतले पाणी १२० अंशांच्या आसपास नेतो, म्हणून तो लवकर शिजवतो. पण कुकरला पूर्ण वाफ आली, की आच कमी करावी. शिट्ट्यांमागून शिट्ट्या म्हणजे बाहेर जाणारी वाफ. आणि डाळी-कडधान्ये आधी भिजत घालण्याइतकी स्वस्त युक्ती तर दुसरी नाही.

भाकरीची परीक्षा

गॅसवरची भाकरी वातड का होते? कारण समजले, की उपाय सापडतो. १ किलो गॅस जळला, की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. भाकरी थेट ज्योतीवर धरली, की ती या ओलसर झोतात सापडते. निखाऱ्याची आच मात्र कोरडी. शिवाय पातळ तवा ज्योतीच्या कड्यावर तेवढा तापतो, आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात.

तेव्हा तवा जाड लोखंडी घ्यावा, आणि मध्यम आचेवर पाच मिनिटे तापू द्यावा. पीठ ताजे दळलेले असावे, आणि ते गरम पाण्याने मळावे. भाकरी टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवावे; ते सुकू लागले, की उलटावी. दुसरी बाजू तव्यावरच पुरती भाजू द्यावी. इथे घाई नको. मग तवा उतरवून लहान बर्नरवर जाळी ठेवावी आणि पहिली बाजू खाली करून भाकरी त्या जाळीवर फुगवावी. जाळी आधी चांगली तापलेली असली, की तीच निखाऱ्याचे काम करते. पाहुणे असले आणि पंधरा-वीस भाकऱ्या करायच्या असल्या, तर आम्ही ओव्हन पूर्ण तापवतो, वरच्या कप्प्यात जुना लोखंडी तवा ठेवतो, आणि तव्यावर भाजलेली भाकरी मिनिटभर तिथे सरकवतो. दोन भाकऱ्यांसाठी मात्र ओव्हन तापवू नये. तो सरळ तोटा आहे.

आईने महिनाभर रोज शेरा मारला. कधी “कड कच्ची”, कधी “पापुद्रा सुटला नाही”. तिचे शेरे ऐकून ही तव्याची आच बदलत गेली, आणि शनिवार-रविवार तव्यापुढे मीही उभा राहू लागलो. एके दिवशी आई काही बोलली नाही. दुसरी भाकरी मागून घेतली. पडवीतली चूल आज रिकामी आहे. आईचा खोकला पुरता गेला असे नाही, पण यंदाच्या थंडीत तिला रात्रीची झोप लागली.

ओव्हन आणि फराळ

पूर्वी दिवाळीत मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत नंबर लावायचा, आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, हा घरोघरचा कार्यक्रम असे. ते काम आता घरी होते. पण आधी आपल्या ओव्हनचा स्वभाव ओळखावा. ट्रेवर ब्रेडचे नऊ तुकडे तीन ओळींत मांडून ते भाजावे. कोणता कोपरा आधी करपतो, हे कळले, की त्या बाजूला नानकटाई ठेवायची नाही, किंवा अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायचा.

ओव्हन दहा-पंधरा मिनिटे आधी तापवावा. नानकटाईला १६० ते १७० अंश आणि पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. बाहेर काढताना ती मऊच लागते, निवल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून आत आणखी ठेवली, की ती कडक झालीच म्हणून समजा. मध्येच दार उघडून डोकावण्याचा मोह आवरावा. ओव्हन बंद केल्यावर आत जी ऊब उरते, तो आपला फुफाटा. त्यात चिवड्याचे पोहे कुरकुरीत करून घ्यावे, सादळलेली चकली ताजी करावी. पुढे ती ऊब अगदी कोमट झाली, की थंडीच्या दिवसांत दह्याचे विरजण रात्रभर तिथे छान लागते.

तळणाला मात्र बर्नरच हवा. चकलीला तेल कमी तापले तर ती तेल पिते, फार तापले तर बाहेरून तांबूस आणि आतून मऊ राहते. अनारशाला मंद आच, आणि तोही उलटायचा नाही. घाण्यामागून घाणा काढताना आच कमीअधिक करत राहावी. खटका एकदा फिरवला आणि काम झाले, असे तळणात होत नाही.

दोन शब्द सावधगिरीचे

गॅस हवेपेक्षा जड असतो; गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवावा, खोलीत खालच्या बाजूने वारा खेळता असावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आला तर दिव्याचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये; रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हे घरातल्या लहानांनाही पाठ असावे.

शेवटी एकच सुचवतो. शेगडी पाडव्याच्या सकाळी आणून त्याच दिवशी तिच्यावर फराळ करू पाहू नका. निदान आठवडाभर आधी आणा, रोजचा वरणभात-भाकरी तिच्यावर करा, आणि घरात ज्यांचे हात चुलीवर तयार झाले आहेत, त्यांना जवळ खुर्ची टाकून बसवा. पुस्तिकेत अंश आणि मिनिटे मिळतील; पण बेसन भाजून झाले हे वासावरून सांगणारे माणूस त्या खुर्चीवरच बसलेले असते. त्यांना विचारा, आणि त्यांना धुरापासून दूर ठेवा.