घाम, दम आणि दुखणं: भरतीच्या मैदानावरचे गैरसमज

परभणीहून रेल्वेनं मानवत रोडकडे निघालं की पेडगाव लागतं. (भीमेकाठचं, किल्ल्याचं पेडगाव ते वेगळं.) मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावात पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं-पोरी दिसतात. कशासाठी पळता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: भरती. भरतीचं वय निघून गेलं की त्यांच्यातलेच काही जण जिममध्ये ट्रेनर होतात, नाहीतर गळ्यात शिट्टी अडकवून अकादमी काढतात. स्वतः जे ऐकलं होतं तेच मग पुढच्या पोरांच्या गळी उतरतं. ट्रेनर होऊ पाहणाऱ्यांनी शरीर कसं चालतं हे नीट समजून घ्यायला हवं, ते यासाठी. बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे. जे डोळ्यांना दिसतं आणि अंगाला जाणवतं, म्हणजे घाम, दम आणि दुखणं, तेच व्यायामाचं माप धरलं जातं.

घामापासूनच सुरुवात करू. घाम म्हणजे वितळलेली चरबी, या समजुतीपायी भर उन्हाळ्यात जाकीट घालून पळणारे आहेत. घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. त्याचं काम अंग थंड ठेवण्याचं. धावून आल्यावर काट्यावर किलोभर वजन कमी दिसतं, ते पोटभर पाणी प्यालं की परत येतं. चरबी उतरते ती ऊर्जेच्या हिशेबानं. धावताना एका किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते. 60 किलोचा माणूस 5 किलोमीटर धावला तर 300. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. निव्वळ धावून ती घालवायची तर सव्वाशे किलोमीटरच्या वर पळावं लागेल. म्हणून वजनाचा प्रश्न घेऊन कोणी आलं तर आधी त्याच्या ताटाची चौकशी करा. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, हेही त्याला तेव्हाच सांगून टाका.

जाकिटाचा धोका मात्र खरा आहे. परभणीचा पारा उन्हाळ्यात सहज 40 अंशांच्या वर जातो. घाम वाळला तरच अंग थंड होतं आणि जाकिटात तो वाळत नाही. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं, मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजायचा. अंगावर पाणी ओतून, वारा घालून तिथंच थंड करायला लागायचं आणि दवाखान्याची गाडी बोलवायची. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, तेव्हा सराव हळूहळू वाढवावा. व्यायामात पाणी प्यायचं नाही, हा तालमीतला जुना दंडक आता सोडून द्यायला हरकत नाही. उलट टोकाला जाऊन नुसतंच पाणी लिटरनं ढोसू नये, त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी बरं.

आता दम. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर धावणं 20 गुण, 100 मीटर 15, गोळाफेक 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. या चाचण्यांना शरीर वेगवेगळ्या यंत्रणांतून ऊर्जा पुरवतं, आणि इथंच बहुतेक अकादम्या चुकतात. गोळा फेकायला लागणारी शक्ती स्नायूंत तयार साठलेली असते, ती काही सेकंदांत संपते. 100 मीटरला तिच्या जोडीला साखरेचं झटपट ज्वलन येतं. 1600 मीटरला मात्र पाच-सहा मिनिटं लागतात आणि त्यातली चार-पंचमांशाहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारानं मिळते. तरीही रोज सकाळी घड्याळ लावून पूर्ण दमात 1600 मारायला लावतात. त्यातून थकवा साठतो, नडग्या दुखायला लागतात आणि वेळ आहे तिथंच राहते. आठवड्यातलं बहुतेक धावणं गप्पा मारता येतील अशा वेगानं हवं. त्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. एक-दोन दिवस 400 मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये विश्रांती. गोळ्यासाठी ताकदीचा व्यायाम वेगळा.

दुखण्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडायची पद्धत आहे. ते धावणं संपल्यावर तासाभरात निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या सवय नसलेल्या कामानं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. दुखलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असं नाही.

बारला लटकून उंची वाढत नाही. हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की संपलं. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या रात्रीत फुगतात. मुलांना 165 सेंटिमीटरची अट आहे, ती लटकून गाठून देण्याचं आश्वासन कोणाला देऊ नका. सूत्रांवरही डोळे झाकून विसंबू नका. 220 मधून वय वजा करून हृदयाचे कमाल ठोके काढतात, तो अंदाजच. खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो.

मुलींबद्दलचे गैरसमज जास्त महागात पडतात. वजन उचललं की अंग पुरुषी होतं, असं म्हणून त्यांना डंबेल्सपासून लांब ठेवतात. टेस्टोस्टेरॉन त्यांच्यात पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असतं, त्यामुळे स्नायू तसे फुगत नाहीत. हाडं मात्र बळकट होतात. आणि 800 मीटरला एखादीला लवकर दम लागला तर ती आळशी आहे, असा शेरा मारण्याआधी हिमोग्लोबिन तपासायला सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तातच ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी असेल तर शिट्टी कितीही जोरात वाजवून उपयोग नाही. परभणीच्याच ज्योती गवते 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या होत्या. या मातीतल्या पोरी धावण्यात कमी आहेत, हे कोणी सांगू नये.

खाण्याचं कोडं गावातच सुटतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. ज्वारीत प्रथिनं साधारण 10 टक्के, तूरडाळीत 22, शेंगदाण्यात 24, सोयाबीनमध्ये 36 च्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो डाळ भरून काढते. भाकरी-वरणाची जोडी उगीच पडलेली नाही. कसून सराव करणाऱ्याला रोज वजनाच्या किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं पुरतात. प्रोटीन पावडर विष नाही, पण अमृतही नाही. घरचं सोयाबीन पोत्यानं मोंढ्यात घालायचं आणि त्याच पैशातून पावडरीचा डबा आणायचा, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

दम वाढवतं म्हणून मेफेंटरमाईन सल्फेटचं इंजेक्शन काही जिममध्ये चोरून विकलं जातं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायचं हे औषध आहे. धडधाकट पोराच्या हृदयावर ते थेट ताण टाकतं आणि त्याची सवय लागते. ट्रेनर व्हायचं असेल तर हे इंजेक्शन मागणाऱ्याला पहिल्याच दिवशी दार दाखवा, आणि कोणाच्याही हाती डंबेल्स देण्याआधी सीपीआर शिकून घ्या.