पायाची जखम आणि रक्ताची साक्ष

पेढीवर तासन्‌तास पाय खाली सोडून बसणे किंवा काउंटरमागे दिवसभर उभे राहणे व्यापारी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेले असते. संध्याकाळी घोटे सुजतात, शिरा फुगतात, घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडते. मग एके दिवशी किरकोळ खरचटण्याचे निमित्त होते आणि महिनोन्‌महिने न भरणारा व्रण मागे राहतो.

अशा बहुतेक व्रणांचे मूळ शिरांत असते. शिरांतील झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी पायातच तुंबते. परंतु जखम भरण्यास काय आड येते, याची साक्ष पुष्कळदा रक्तच देते.

पहिली साक्ष एचबीए१सी या तपासणीची. उपाशीपोटीची साखर ही त्या दिवसाची रोकड, तर एचबीए१सी हा मागील दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद होय. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनला साखर चिकटून राहते, म्हणून हा हिशेब लागतो. ५.७ ते ६.४ टक्के ही पूर्वसूचना; ६.५ वा अधिक हे मधुमेहाचे लक्षण.

दुसरी साक्ष हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन यांची. नवी त्वचा तयार होण्यास प्राणवायू व प्रथिने लागतात. त्यांची उणीव असेल तर उत्तम मलमही अपुरे पडते. सीआरपी वाढलेला असल्यास शरीरात कोठेतरी दाह चालू आहे, असे समजावे.

तिसरी साक्ष बी-१२ या जीवनसत्त्वाची. शाकाहारी घरांत त्याची कमतरता वारंवार आढळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटू शकते. त्यामुळे पाय बधिर होतात आणि लागलेले कळत नाही. वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या वा इंजेक्शने घेऊन ही उणीव भरून काढता येते.

तथापि एकटी रक्ततपासणी निर्णायक नसते. शिरांच्या व्रणावर घट्ट पट्टी हाच मुख्य उपचार असला, तरी पायाला होणारा रक्तपुरवठा तपासल्यावाचून ती बांधू नये. पुरवठाच अपुरा असल्यास तीच पट्टी पायाला घातक ठरते. म्हणून दोन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर घरगुती लेप लावीत बसू नये. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांचे तळवे व घोटे घरातील कोणीतरी रोज उजेडात पाहावेत. दुकानाचा हिशेब रोज मिटवणाऱ्या घरास एवढे जड नाही.